कार्तिकीच्या बाजाराआधी: पेंड, दूध आणि नवी म्हैस तपासून घ्या

परतीचा पाऊस उघडला की सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांत दोन गोष्टी बरोबरच होतात. पावसाळ्यात दमट झालेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मक्याचा भरडा जनावरांपुढे जातो. त्याच सुमारास सांगोल्याच्या बाजारातून आणि पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतून नवी जनावरे दावणीला येतात. बुरशी लागलेल्या खाद्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते, आणि नव्या जनावराबरोबर गाभण जनावरे गाभडवणारा ब्रुसेलाचा जंतू गोठ्यात शिरू शकतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. दोन्हींची पहिली चाचणी प्रतिपिंडांवर चालते, पण दोन्हीकडे ती वेगळी वाचावी लागते आणि गफलत नेमकी तिथेच होते.

प्रतिपिंड म्हणजे शरीराने एखाद्या जंतूविरुद्ध किंवा परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेले प्रथिन. ज्याच्यासाठी बनले, त्यालाच ते चिकटते. खाद्य आणि दूध तपासण्याच्या पट्टीवर अशी तयार प्रतिपिंडे असतात आणि ती विष शोधतात. ब्रुसेलाच्या चाचणीत उलट असते: मारलेला जंतू बाटलीत असतो आणि आपण जनावराच्या रक्तात किंवा दुधात प्रतिपिंडे शोधतो. त्यामुळे पट्टी सांगते की विष आत्ता या नमुन्यात आहे. रक्ताची चाचणी एवढेच सांगते की या शरीराची त्या जंतूशी गाठ पडली आहे. ती लागणीतून किंवा लसीतूनही पडलेली असू शकते.

आधी पेंडीकडे वळू. अफ्लाटॉक्सिनची पट्टी बहुतेक वेळा गर्भचाचणीच्या पट्टीच्या उलट वाचायची असते. तिथे दुसरी रेघ उमटली तर होकार. इथे चाचणीची रेघ ठळक उमटली तर नमुना मर्यादेच्या आत, आणि फिकी पडली किंवा उमटलीच नाही तर विष जास्त. नियंत्रणाची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ मात्र दिसलीच पाहिजे, नाहीतर ती पट्टी बाद. खोक्यावरचे चित्र पाहिल्याशिवाय निकाल कुणाला सांगू नका. दूध संकलन केंद्रावरच्या प्रतिजैविकांच्या पट्ट्याही बऱ्याचदा अशाच उलट्या असतात.

पट्टी कितीही चांगली असली तरी नमुना चुकला की सगळे वाया. ही बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. एका कोपऱ्यात विष खच्चून असते, बाकी पोते स्वच्छ. वरची मूठभर पेंड तपासून समाधान मानू नका. प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला आणि तळाचा भाग घ्या, सगळे एकत्र करून बारीक दळा, नीट मिसळा, आणि मग त्यातला नमुना द्या. पेंडीवर बुरशी दिसत नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. भुईमुगाला शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण बसला असेल, आणि आपल्याकडे तो बसतोच, तर विष शेतातच तयार झालेले असू शकते.

पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिनच्या बी1 या प्रकाराची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. जनावराच्या यकृतात त्याचे एम1 हे रूप होते आणि ते दुधात येते. दुधासाठी मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम. दूध उकळून हे विष जात नाही. खाद्य बदलले की तीन-चार दिवसांत दुधातले प्रमाण उतरते, म्हणून पट्टीने इशारा दिला तर ते पोते त्याच दिवशी बाजूला काढा. चांगल्या पेंडीत मिसळून संपवण्याचा मोह टाळा, कारण ते दूध आपल्याच गावातली लेकरे पितात. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

आता ब्रुसेला. सातव्या-आठव्या महिन्यात गाय-म्हैस गाभडली, वार अडकली, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नका. पशुवैद्यकांकडून रक्त तपासून घ्या. रोझ बेंगाल चाचणीत रक्तजलाचा, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा थेंब मारलेल्या जंतूंच्या गुलाबी द्रावणात मिसळतात. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर जनावर संशयित. तेवढ्यावर शिक्का मारू नका, एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री करा. पक्के निघालेले जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. पुढे काय करायचे ते पशुवैद्यकांशी बोलून ठरवा.

पूर्ण गोठ्याच्या एकत्र दुधावर रिंग चाचणी स्वस्तात होते. मलईच्या थरात निळे कडे धरले तर एकेक जनावर तपासायचे. त्या दुधात चीक, कासदाहाचे दूध किंवा आटत आलेल्या जनावराचे दूध नको, त्याने खोटा होकार येतो.

नवी म्हैस आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा. आल्या आल्या रक्त तपासा आणि महिन्याने पुन्हा तपासा, कारण ताज्या लागणीत प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. गाभण असेल तर विल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी आणखी एकदा. वार आणि मेलेले वासरू हातमोज्यांशिवाय उचलू नका, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. हा जंतू माणसालाही होतो. चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी हटत नसेल तर डॉक्टरांना घरी जनावरे असल्याचे आवर्जून सांगा. दूध मात्र उकळले की हा जंतू मरतो.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. लस जिवंत जंतूंची आहे, ती सुई चुकून स्वतःला टोचणार नाही याची काळजी घ्या. टोचल्याची तारीख कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह वहीत लिहून ठेवा. लसीची प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहतात, आणि पुढे चाचणीत गुठळ्या दिसल्या तर पशुवैद्यक ही तारीख आधी विचारतील.