पक्षी बागेत थांबत नाहीत? पाणी टपकू द्या

फाल्गुनात बागेत दयाळ गातो, तांबटाची टुकटुक दिवसभर चालते, पण नीट बघावं तर कोणी दिसत नाही. पाण्याचं भांडं ठेवलं तरी त्यातलं पाणी नुसतं साचून असतं, पक्ष्यांच्या ते लवकर ध्यानात येत नाही. टपकणारं पाणी मात्र येतं.

१. लिटरच्या प्लास्टिक बाटलीला तळाशी तापवलेल्या सुईने एक बारीक भोक पाडा.

२. बाटली भरून झाकण घट्ट लावा, गळ्याला सुतळी बांधून फांदीला टांगा. आता झाकण किंचित सैल करा, की थेंब पडू लागतील. जास्त पडले तर पुन्हा आवळा. सेकंदाला एक थेंब धरला तर बाटली पाचेक तास चालते.

३. खाली कुंडीची पसरट ताटली ठेवा. पाणी दीड-दोन इंचच, मध्ये एक खडबडीत दगड.

बघायला बाहेर उभं राहू नका. घरातला दिवा बंद करून खिडकीपासून दोन पावलं मागे बसा. सकाळी ऊन चढायच्या आधी बुलबुल जोडीने येतात, शेपटीखालचा लाल ठिपका स्पष्ट दिसतो. शिंजीर सहसा ताटलीत उतरत नाही. त्याच्यासाठी जवळच्या जास्वंदीची पानं ओली करा, तो पानांवर अंग घासून अंघोळ करतो. हे बघण्यासारखं असतं!

ताटली रोज घासून पाणी बदला, नाहीतर पक्ष्यांआधी डास येतील. आणि मांजर दबा धरेल अशा दाट झुडपाला खेटून ती ठेवू नका.