कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हर भरताना या चुका टाळा

कॅप-अँड-बॉल म्हणजे जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हर, काडतूस नाही, सिलिंडरच्या प्रत्येक भोकात (चेंबरमध्ये) काळी दारू आणि शिशाची गोळी वेगवेगळी भरायची आणि मागे ठिणगी देणारी छोटी कॅप बसवायची. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये हिच्या रेप्लिका उडवायचा छंद वाढतोय आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "४४ कॅलिबरची रेप्लिका घेतलीय, ४४ च्या गोळ्या कुठे मिळतील?" इथेच गाडी घसरते. नावात ४४ असलं तरी गोळी ०.४४ इंचाची लागत नाही. रेप्लिका बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पिएट्टाच्या ४४ ला साधारण ०.४५१ ची, उबर्टीच्या ४४ ला ०.४५४ ची, आणि ३६ कॅलिबरच्या नेव्ही मॉडेलला ०.३७५ किंवा ०.३८० ची. गोळी चेंबरच्या तोंडापेक्षा किंचित मोठीच हवी, म्हणजे रॅमरने (गोळी आत ठासायच्या दांड्याने) दाबताना कडेचं शिसं कापलं जातं आणि बारीक गोल कडी बाहेर पडते. सहाही चेंबरला अशी पूर्ण कडी पडली तर फिटिंग बरोबर, अर्धवट पडली किंवा पडलीच नाही तर ती गोळी मी वापरत नाही. शिसं पण मऊच हवं, कडक मिश्रधातू दाबताना रॅमरचा दांडा वाकतो.

आमच्या टेक्सासच्या रेंजवर असाच एक मुलगा आला, कोल्टच्या १८६० आर्मी या ४४ च्या मॉडेलची नवीकोरी रेप्लिका घेऊन. दुकानातून ०.४४० च्या गोळ्या आणलेल्या, त्या असतात ४५ च्या ठासणीच्या रायफलसाठी, कापडाच्या पॅचमध्ये गुंडाळून घालायच्या. मला म्हणतो, "दादा बघा किती स्मूथ जातायत!" मी म्हटलं, अरे थांब, कडी कुठाय? तर म्हणे वरून ग्रीस लावलंय की, व्हिडिओत दाखवलंय. मी माझं टेबल सोडून त्याच्याकडे पोचेपर्यंत यानं घोडा ओढून दोन बार काढले होते आणि तिसऱ्याला दोन आवाज एकदम आले. शेजारच्या चेंबरमधली गोळी बॅरलच्या बाजूला शिशाचा लांब ओरखडा काढून गेली. सैल गोळीच्या कडेने आग शेजारच्या चेंबरमध्ये शिरते, याला चेनफायर म्हणतात. पठ्ठ्याचा डावा हात पुढे बॅरलखाली नव्हता म्हणून बोटं शाबूत. ग्रीस हा घट्ट गोळीचा पर्याय नाही हो, तापलेल्या सिलिंडरवर ते दोन-तीन बारांत वितळून वाहून जातं. मी दारू आणि गोळीच्या मध्ये वंगण लावलेली फेल्टची चकती घालतो, हात पण बरबटत नाहीत.

आग मागून पण शिरू शकते, म्हणून कॅपकडे बघा. १० नंबर की ११ नंबर हे तुमच्या निपलवर (चेंबरच्या मागची कॅप बसवायची छोटी नळी) ठरतं, मित्राला कुठली बसते त्यावर नाही. सैल कॅप चिमटून बसवायची सवय लोकांना आहे, मला ती अजिबात आवडत नाही, दुसरा नंबर आणा. कॅप सगळ्यात शेवटी, आणि तीही नळी टार्गेटकडे असताना.

स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसातली दारू, एक दाणासुद्धा नको. सिलिंडर फुटेल, विषय संपला.

दारू ग्रेनमध्ये मोजतात, ग्रॅममध्ये नाही. ३० ग्रेन म्हणजे २ ग्रॅमपण भरत नाही. नवीन माणसाने ४४ ला थ्रीएफ (बारीक दाण्याची काळी दारू) २० ते २५ ग्रेन, ३६ ला १५ ते २० एवढ्यावरच राहावं, त्याआधी मॅन्युअल वाचावं. माप आकारमानाचं असतं, त्यामुळे काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स ही पर्यायी पावडर असेल तर ती पण त्याच मापाने घ्यायची, वजन करून नाही, आणि ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी पावडर असेल तर १५ टक्के कमी. पितळी फ्रेमची रेप्लिका असेल तर हलकाच लोड ठेवा, जास्त दारूने फ्रेम हळूहळू ताणली जाते. दारूच्या फ्लास्कमधून थेट चेंबरमध्ये ओतू नका, आत निखारा राहिला असेल तर हातातला फ्लास्कच उडेल.

गोळी आणि दारूमध्ये पोकळी नको, नीट ठासून बसवा. दारू कमी असल्यामुळे गोळी फार खोल जात असेल तर मधे फिलर घालतात, इथले लोक क्रीम ऑफ व्हीट घालतात, म्हणजे आपला रवाच. माझ्या शूटिंग बॉक्समध्ये रव्याची डबी बघून बायको अजून हसते.

कोल्टच्या नमुन्याची (आर्मी, नेव्ही) असेल तर पाचच भरा आणि घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवा. १८५८ रेमिंग्टन या दुसऱ्या मॉडेलला दोन चेंबरच्या मधे खाचा असतात, तिथे घोडा टेकवता येतो.

भरण्याआधी तेल पुसायचा कंटाळा करणारे मग "बार उडतच नाही" म्हणून फोन करतात. चेंबर कोरडे पुसा, मग रिकाम्या सिलिंडरवर प्रत्येक निपलला एक कॅप उडवा, नळी जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं तर वाट मोकळी. आणि खरा बार उडाला नाही तर लगेच नळीत डोकावू नका, टार्गेटकडे धरून निदान मिनिटभर थांबा.

कायद्याचं पण बघा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात ह्या रिव्हॉल्व्हर अँटिक धरतात म्हणून सगळीकडे मोकळं रान नाही, न्यू जर्सीत ही सरळ बंदूकच मानतात.

साफसफाई त्याच संध्याकाळी, गरम पाणी आणि भांड्याचा साबण. ही राख हवेतला ओलावा ओढते, सकाळपर्यंत गंज धरतो. निपल काढून धुवा आणि परत लावताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पाना फिरणार नाही.