यूपीआयवरून पैसे गेले? आधी बारा आकडे कागदावर

फसवणूक झाली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायच्या आधी दोन मिनिटं काढा आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँका ज्यावरून व्यवहार ओळखतात तो नंबर, कागदावर लिहून घ्या. मी नेमकं हेच केलं नव्हतं. हात थरथरत होते, तसाच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी यूटीआर विचारला आणि मी ॲपमधला ‘टी’ने सुरू होणारा लांबलचक नंबर वाचून दाखवला. तो ॲपचा स्वतःचा नंबर. त्यांना हवा होता तो शोधायला गेलो आणि फोन कट झाला. पुन्हा लाइन लागेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात पैसे दुसऱ्या खात्यात वळवून काढूनही झाले होते, हे मागाहून कळलं.

तर यूटीआर म्हणजे बारा आकडे. नुसते आकडे, अक्षर एकही नाही. ॲपच्या हिस्टरीत व्यवहार उघडून खाली सरका. कुठे ‘यूटीआर’ लिहिलेलं असतं, कुठे ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’. तीनदा पैसे गेले असतील तर तीन यूटीआर लिहा, कारण प्रत्येक रकमेचा माग वेगळा काढावा लागतो. शेजारी तारीख, वेळ, रक्कम.

आता १९३०. इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे: पैसे कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच बँक ते रोखू शकते. मेसेजवर तक्रारीचा नंबर येईल. तो घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरा. तिथेही यूटीआर लागतो. कागद फेकू नका.

लगेच बँक. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करायला सांगा, पण नुसतं तोंडी नको, ईमेलही करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी तुम्ही स्वतः दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे कधी कळवलं याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

भामट्यांनी एखादं स्क्रीन शेअरिंगचं (तुमचा स्क्रीन त्यांना दाखवणारं) ॲप टाकायला लावलं असेल तर फोनचं नेट बंद करा, ते काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवर बदललात तर नवा पासवर्डही त्यांना दिसेल.

चॅट पुसू नका. राग येतो, पण ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या: नंबर, यूपीआय आयडी, सगळं. घरच्यांना सांगा. लपवण्यात वेळ जातो.

‘पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तीही फसवणूकच. रोखलेले पैसे सुटायला अनेकदा कोर्टाचा आदेश लागतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात जा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार करा, आणि बँकेला पाठवलेल्या ईमेलची प्रत सोबत जोडा.