खाऱ्या हवेतल्या गाडीची स्प्रिंग बदलताना
आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात खारी हवा चाकावर गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याला आधी धरते, आणि तुटते तीही बहुधा तिथेच. एक तुटली तरी पुढच्या दोन्ही बदला, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

आदल्या रात्रीच नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी उचलल्यावर जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड लावाच. टेकू म्हणून जांभ्या दगडाचा चिरा लावलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. जांभा सच्छिद्र असतो, वजनाखाली फुटू शकतो.

खरी जोखीम स्प्रिंग दाबताना. स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग आवळून दाबून धरणारे शिकंजे, जोडीने, समोरासमोर लावा आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळा. स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागेपर्यंत स्ट्रटचा (ज्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर स्प्रिंग बसते त्याचा) वरचा मधला नट सोडायचा नाही, म्हणजे नाहीच. स्प्रिंगच्या टोकांसमोर तोंड नको.

पैसे घालायचे तर टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना) आणि सहाकोनी सॉकेटवर घाला; बाराकोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातं. कॉम्प्रेसर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणलात तरी चालेल, फक्त आटे झिजलेले नाहीत ना ते बघा.

नव्या स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. मग कुडाळ-कणकवलीकडे जाल तेव्हा चाकांची अलाइनमेंट करून घ्या.