मिनियापोलिसची एलोइस बटलर रानफुलबाग: कधी जावं, काय बघावं

एकदाच जमणार असेल तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मात्र ही बाग एका फेरीत उरकण्यातली नव्हे. जेमतेम १५ एकरांत जंगल, पाणथळ आणि गवताळ माळ असे तिन्ही प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा बहर वेगवेगळ्या वेळी येतो. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका एलोइस बटलर यांच्या पुढाकाराने १९०७ साली ती सुरू झाली. अमेरिकेतल्या सार्वजनिक रानफुलबागांमध्ये ही सर्वांत जुनी.

निघण्याआधी उघडण्याच्या तारखा पाहून घ्या. हिवाळ्यात बाग बंद असते. कुत्र्यांना प्रवेश नाही, फुलं तोडायची नाहीत आणि पायवाट सोडायची नाही.

वसंतात आधी जंगलात शिरा. झाडांना पानं फुटण्याआधी जमिनीवर ऊन पोचतं, तेवढ्या अवधीत इथल्या फुलांना सगळं उरकायचं असतं. म्हणून घाई तुम्हालाही करावी लागते. ब्लडरूट नक्की शोधा. त्याचं एकुलतं पान कळीभोवती शालीसारखं लपेटलेलं असतं. वर पांढरंशुभ्र फूल, आणि दोन-चार दिवसांत पाकळ्या गळूनही जातात. पुढे त्याच्या बिया मुंग्या वाहून नेतात, कारण बीला चिकटलेला तेलकट भाग त्यांचं खाणं. पाणथळीतला स्कंक कॅबेज तर याही आधी, स्वतःच्या उष्णतेने भोवतीचा बर्फ वितळवून वर येतो. स्कंक म्हणजे दुर्गंधी सोडणारा प्राणी; जवळ जाऊन वास घेतलात की नावाचा उलगडा होईल!

जूनच्या मध्याला पाणथळीकडे वळा. मिनेसोटाचं राज्यफूल, गुलाबी-पांढरी शोई लेडीज स्लिपर, तेव्हा फुलते. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला हिला कधीकधी सोळा वर्षंही लागतात. फोटोसाठी वाटेवरून पाय खाली टाकायचा मोह झाला, तर हा आकडा आठवा. या दिवसांत डास भरपूर. लांब बाह्यांचे कपडे हवेतच.

जुलै-ऑगस्टमध्ये जंगल निव्वळ हिरवं असतं. ते झटपट ओलांडून माळावर चढा. सावली नसल्याने सकाळी लवकर गेलेलं बरं. तिथे कंपास प्लांटची खालची पानं पाहा, बहुतेक उत्तर-दक्षिण रोखलेली दिसतील.

सप्टेंबरात ॲस्टर आणि गोल्डनरॉड सगळीकडे असतात, पण मी म्हणेन बॉटल जेन्शियनपाशी थांबा. निळी फुलं कळीसारखी मिटलेली, ती उमलतच नाहीत. धिप्पाड बंबलबी (जाडजूड, केसाळ मधमाशी) टोक जोर लावून उघडते, आख्खी आत शिरते आणि मागे सरकत बाहेर पडते. हे बघायला पाच-दहा मिनिटं एका जागी उभं राहायची तयारी हवी.

ऑक्टोबरात विच हेझल फुलतं. बारीक पिवळ्या फितींसारखी ही फुलं त्याच्याच पिवळ्या पानांत लपतात, म्हणून पानं गळलेल्या फांद्या आधी न्याहाळा.