शुभंकरांची गोष्ट रंगमंचावर आणताय? या चुका टाळा

पार्किन्सन्स, स्किझोफ्रेनिया किंवा डिमेन्शिया असलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्याला आपल्याकडच्या स्वमदत गटांत शुभंकर म्हणतात आणि ज्याला सांभाळायचं तो शुभार्थी. गटाच्या मेळाव्यात कधीतरी टूम निघते, आपल्याच अनुभवांवर एक नाटुकलं बसवू या. जरूर बसवा. फक्त गाडी नेहमी कुठे अडते, ते आधी पाहून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शुभंकराला त्यागमूर्ती करणं. मागे बासरी, निळा प्रकाश आणि ‘माझं आयुष्य त्यांच्यासाठीच’. टाळ्या पडतात, पण काल रात्रीच सासूबाईंवर किंचाळलेली बाई खुर्चीत आक्रसून बसते. तिची गोष्ट सांगायला आलात आणि तिलाच अपराधी करून घरी पाठवलंत! हे बहुधा गोष्ट गोळा करतानाच बिघडलेलं असतं. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘काल संध्याकाळी पाच ते सात काय काय झालं?’ असं विचारा. मग कळतं, की सासूबाई स्वतःच्याच घरात चपला घालून दाराशी उभ्या आहेत, ‘मला घरी जायचंय’ म्हणताहेत. सून समजावते. मग भडकते. मग स्वतःही चपला घालते, त्यांना सोसायटीभोवती एक फेरी मारून आणते आणि त्याच दारातून आत घेते : ‘आलं बघा घर.’ प्रवेश तयार आहे. तालमीत मधलं भडकणं गाळायचा मोह होईल. गाळू नका, प्रवेश त्याच्यावरच उभा आहे.

नाव बदललं की ओळख झाकली जाते, हा दुसरा गैरसमज. गाव लहान असेल तर ‘बँकेतून लवकर निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावरचे’ एवढ्यावर लोक ओळखतात. व्यवसाय बदला, नातं बदला, मजला बदला. चपला मात्र ठेवा. आणि संमती एकदा घेऊन भागत नाही. पहिली सलग तालीम गोष्ट देणाऱ्यालाच दाखवा, प्रयोगाच्या आदल्या दिवशी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर मुकाट्याने काढा. शुभार्थीचं काय? स्किझोफ्रेनियातून सावरलेला मुलगा प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार घेणाऱ्याची माहिती आणि छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांकडे जाऊ देत नाही. नाटुकलं म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, पण माप तेच लावा. प्रयोगाचं चित्रीकरण ग्रुपवर टाकणार असाल तर अधिकच.

आजाराची नक्कल करू नका. पार्किन्सन्स म्हटलं की नट हात थरथरवत सुटतो. प्रत्येकाला कंप नसतोही. हालचाल मंदावणं, चेहऱ्यावरचे भाव ओसरणं हे कितीतरी जणांचं खरं दुखणं. शर्टाचं एक बटण लावायला लागणारा वेळ रंगमंचावर घ्या. प्रेक्षक चुळबुळतील, चुळबुळू द्या.

पद्धत निवडतानाही घाई होते. १९७५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या प्लेबॅक थिएटरमध्ये प्रेक्षक गोष्ट सांगतो आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. नवख्या संचाने ताज्या जखमेवर हे करू नये. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल याच्या फोरम पद्धतीत प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो, हे आपल्याला सोपं जातं. पण मग जो तो येऊन सुनेलाच सुधारतो, ‘जरा शांत राहायचं हो!’ मूळ रीत पीडित पात्राचीच जागा घ्यायची आहे. तरी माझ्या मते इथे ती मोडावी आणि सासूबाईंच्या, सोफ्यावर मोबाइल बघत बसलेल्या मुलाची जागा घ्यायला लावावी. सभागृह लगेच शांत होतं.

तालमींना शुभंकर येत नसतील तर उत्साह कमी पडला असं समजू नका; घरी बदली माणूस नसतो. दुपारचा तासभर ठेवा, शेजारच्या खोलीत शुभार्थींजवळ कुणीतरी बसवा.

सार्वजनिक प्रयोग असेल तर संहिता परवानगीसाठी राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रयोगानंतर कुणी कोलमडलं तर सोबत बसायला समुपदेशक आधीच ठरवून ठेवा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दाराशी ठळक लावा.