वॉटरप्रूफ लेदर बूट आतून ओले का होतात? पावसाळी ट्रेकला या चुका टाळा

जुलै महिन्यात लोणावळ्याहून चालत राजमाचीला गेलात, तर तिथल्या उधेवाडी गावातल्या कुठल्याही पडवीत हे दृश्य बघायला मिळतं. कुणीतरी महागडा लेदर बूट काढून उलटा करतं, आतून पाण्याची धार लागते आणि पाठोपाठ चिडलेला आवाज येतो, “वॉटरप्रूफ म्हणून घेतले होते हो!”

गेली बारा-तेरा वर्षं मी बहुतेक लेदरचे बूट घालून सह्याद्रीत आणि जमेल तेव्हा हिमालयात फिरते आहे. अशी तक्रार ऐकली की मी आधी बूट हातात घेऊन बघते. बहुतेक वेळा तो कुठेही फाटलेला नसतो. पाणी वरून शिरलेलं असतं, नाहीतर पायाचाच घाम आत अडकलेला असतो. चांगला बूट दोन पावसाळ्यांत निकामी होतो तोही बहुधा वाटेवरच्या दगडांनी नव्हे, घरी परतल्यावर आपण त्याचं जे करतो त्यानं.

पहिली चूक : ओलं लागलं की ‘बूट गळतोय’ असं ठरवून टाकणं

वॉटरप्रूफ बुटात चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा मोज्याच्या आकारात बसवलेला असतो. खरं वॉटरप्रूफ काम तोच करतो. त्यातलं सगळ्यात परिचित नाव गोअर-टेक्स. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची कांडी तापवून एका झटक्यात ताणली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाऊ शकते.

पण वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड हवी. ऐन पावसाळ्यात घाटमाथ्यावर हवाच पाण्यानं भरलेली असते, त्यात उकाडा आणि चढ. घाम जाणार कुठे? तो मोज्यात साचतो. हाच बूट डिसेंबरात हिमालयातल्या केदारकांठा शिखराच्या बर्फात घातला तर संध्याकाळी मोजा जवळजवळ कोरडा निघतो, कारण तिथली हवा थंड आणि कोरडी असते.

खरंच गळती आहे का, हे घरी तपासता येतं. इनसोल, म्हणजे तळव्याखालचा सुटा थर, काढा, बुटात टिश्यू पेपर पसरा आणि बूट पाण्यानं भरलेल्या टबात पंधरा-वीस मिनिटं उभा ठेवा. पाण्याची पातळी जिभेची शिवण संपते त्याच्या खालीच राहू द्या. त्या शिवणीच्या वर बूट वॉटरप्रूफ नसतोच. कागद एकाच जागी भिजला, विशेषतः चालताना बोटांपाशी बूट दुमडतो तिथे, तर पडदा फाटला आहे. कागद कोरडा राहिला तर बूट निर्दोष आहे. ट्रेकवरही अंदाज येतो : घामाचा ओलावा पायभर सारखा आणि कोमट असतो, गळतीचं पाणी गार लागतं आणि एका बाजूनं सुरू होतं.

दुसरी चूक : वरचं तोंड उघडं ठेवणं

पावसात पँट बुटात खोचण्याची सवय पुष्कळांना असते. पॅन्टवरून ओघळणारं प्रत्येक थेंबभर पाणी मग सरळ घोट्याकडे जातं. बुटाबाहेर आलेला लांब मोजाही हेच करतो, वातीसारखं पाणी खाली ओढतो. रेनपँट नेहमी बुटाच्या बाहेरून सोडा. गुडघाभर गवतातून जायचं असेल तर गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण, लावा, नुसत्या दव पडलेल्या गवतानंही तासाभरात बूट भरतो.

आणि एकदा पाणी आत गेलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीच्या साध्या बुटातून चार पावलांत पाणी निथळतं. वॉटरप्रूफ बूट मात्र बादलीसारखा वागतो. म्हणून घोट्याच्या वर पाणी असलेला ओढा ओलांडला की पलीकडे लगेच थांबा. बूट उलटा करा, इनसोल काढून पिळा (स्पंजसारखं तेच सगळ्यात जास्त पाणी धरतं), मोजे पिळा आणि मग निघा. या पाच मिनिटांचा कंटाळा केला की पुढे टाचेला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या आणि मुक्कामासाठी एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा.

बूट कोरडे राहावेत म्हणून अनवाणी ओढ्यात उतरणं मला पटत नाही. गढूळ पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. बूट भिजले तर वाळतात. पाणी गुडघ्याला लागत असेल आणि ओढ असेल, तर बुटाचा विचार बाजूला ठेवा आणि मागे फिरा.

तिसरी चूक : खोबरेल तेल आणि चकचकीत पॉलिश

नव्या बुटावर पाणी पडलं की मोत्यांसारखं घरंगळतं. तो वरचा लेप चिखलानं आणि घासण्यानं काही ट्रेकमध्ये निघून जातो. मग चामडं पाणी पिऊ लागतं. आतला पडदा शाबूत असतो, पण भिजलेलं चामडं जड होतं, पाय गार पडतो आणि घामाचा उरलासुरला मार्गही बंद होतो. इथेही माणूस म्हणतो, ‘गळतोय’.

उपाय साधा आहे. मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानं चिखल काढा. डिटर्जंट वापरू नका, कारण त्याचा चामड्यात राहिलेला अंश पुढे पाणी ओढतो. मग बुटासाठी मिळणारं मेण किंवा वॉटरप्रूफिंग क्रीम बोटानं अगदी पातळ लावा. शिवणींवर आणि दुमडीवर जरा जास्त. नुबक, म्हणजे मखमली पोताचं चामडं असेल तर मेण नको, त्याचा रंग काळवंडतो आणि पोत बसतो. त्यासाठी स्प्रे मिळतो.

आपल्याकडे चामडं म्हटलं की खोबरेल तेलाची बाटली पुढे येते. चपलेला ते चालत आलं आहे, ट्रेकिंग बुटाला नको. जास्त तेलानं चामडं इतकं मऊ पडतं की घोट्याला धरून ठेवण्याची ताकद जाते, सोलचा गोंद ढिला होऊ शकतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. झटपट चमक देणारं द्रव पॉलिशही टाळा.

चौथी चूक : चुलीजवळ वाळवणं

या एका चुकीनं मी सगळ्यात जास्त बूट वाया गेलेले पाहिले आहेत. मुक्कामाच्या घरी चूल पेटलेली असते, पाय गारठलेले असतात, आणि भिजलेले बूट चुलीच्या कडेला ओळीनं लागतात. सकाळी ते कोरडे असतात खरे, पण फळीसारखे कडक. कोरडं चामडं थोडी उष्णता सोसतं, ओलं चामडं सोसत नाही. त्याचे तंतू आकसतात, ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत, आणि पुढच्या चालीत बोटांपाशी तडा जातो. सोलचा गोंदही उष्णतेनं सुटतो. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन, उन्हात बंद उभ्या गाडीची डिकी, सगळ्यांचा परिणाम तोच.

वर्तमानपत्रापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल वेगळं ठेवा. कागदाचे सैल बोळे टाचेपर्यंत भरा आणि पहिल्या काही तासांत दर तासा-दोन तासांनी बदला. ओला बोळा रात्रभर आत राहिला तर उपयोग शून्य. नंतर बूट आडवे टाकून पंख्याखाली ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात, तेवढे द्यायला हवेत. पुरते वाळायच्या आत खोक्यात किंवा पिशवीत बंद केले की आठवड्यात पांढरी बुरशी धरते. ती आलीच तर घराबाहेर नेऊन ब्रशनं झाडा, पाण्यात व्हिनेगर मिसळून ओल्या फडक्यानं पुसा आणि पुन्हा सावलीत वाळवा.

पाचवी चूक : माळ्यावरचे जुने बूट सरळ ट्रेकला नेणं

माझ्या पहिल्या बुटांचं हेच झालं. मधली पाच-सहा वर्षं ट्रेक सुटले होते. बूट खोक्यात जपून ठेवलेले, वरून नव्यासारखे. हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना डाव्या पायाचा सोल टाचेकडून सुटला आणि अर्ध्या तासात उजव्याचाही. दोन्ही बूट लेसनं बांधून, प्रत्येक पाऊल जपून टाकत गावात पोहोचले, तेव्हा गुडघे थरथरत होते. त्या दिवशी पाऊस असता तर त्या कातळांवर काय झालं असतं, हे मी आजही विसरलेले नाही.

दोष गोंदाचा नव्हता. अशा बुटांच्या मधल्या थरात बहुधा पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतली आर्द्रता त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडते. बूट वापरात असले तर फोम दाबला जाऊन काहीसा टिकतो, नुसते पडून राहिले तर आतल्या आत भुसभुशीत होतो. दमट हवेच्या गावांत हे लवकर घडतं. म्हणून जुने बूट नेण्याआधी मधल्या थरात अंगठा जोरात दाबून बघा, बूट हातानं दुमडा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट घालून गड चढू नका. तसं काही दिसलं नाही, तरी एक दिवस ते घालून आधी गावातच फिरा.

दुरुस्तीबद्दल एक सूचना. नाक्यावरचे कारागीर सोलला कडेनं पक्की शिलाई घालून देतात आणि साध्या बुटाला ती उत्तम. पण सुई आतल्या पडद्याच्या आरपार गेली की तो बूट वॉटरप्रूफ राहत नाही. तेव्हा आधी विचारा, नुसतं चिकटवून काम होईल का.

सहावी चूक : वॉटरप्रूफ म्हणजे घसरणार नाही असं समजणं

या दोन गुणांचा एकमेकांशी संबंध नाही. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर इटलीच्या विताले ब्रामानी यांनी रबराचा खोल खाचांचा सोल घडवला, १९३७ मध्ये तो बाजारात आला, आणि व्हिब्राम हे नाव त्यांच्याच नावातून आलं. माती, बर्फ, घसारा यांवर त्या खाचा पकड घेतात. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या ओल्या काळ्या कातळावर (बेसॉल्टवर) खाचांना रुतायला काही मिळतच नाही, आणि चिखलानं भरल्या तर त्या नसल्यासारख्याच. कातळटप्प्याआधी सोल दगडावर आपटून चिखल झाडा, पूर्ण तळवा टेकवून चाला. आठ-दहा वर्षं जुनं रबर कडक होतं. नखानं दाबलं जात नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

आषाढ-श्रावणातल्या एक दिवसाच्या ट्रेकला मी आता लेदर बूट घालत नाही. दिवसभर ओढ्यांतूनच चालायचं असतं, तिथे पटकन निथळणारे, चांगल्या पकडीचे साधे कापडी बूट बरे. ॲक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग बूट सह्याद्रीत इतकी वर्षं पायात दिसतात ते उगाच नाही. लेदरचे बूट मी भाद्रपद सरला की बाहेर काढते. तेव्हा गवतावर दव असतं, वाटा अजून चिखलाच्या असतात, पाठीवर मुक्कामाचं ओझं असतं, आणि घोट्यापर्यंत घट्ट धरणाऱ्या त्या बुटांचं जे काम आहे ते त्यांना तिथे नीट करता येतं.